निघणारी फरशी

आपण कुणाच्या घरी गेलो की माणूस आधी "या, बसा" म्हणतो. आमचे वरचे तसं म्हणत नसत. ते दाराची साखळी काढायचे, आपल्याला एक पाऊल आत टाकू द्यायचे, मग गुडघ्यावर हात टेकून वाकायचे आणि पायाखालची एक फरशी दोन्ही हातांनी उचलून दाखवायचे. पातेल्यावरचं झाकण उचलावं तशी.

"बघितलंत? निघते," ते म्हणायचे. "पक्कं बांधकाम नाही."

सिलिंडर आणणारा, वर्गणी मागायला आलेली मंडळाची मुलं, चुकून एक मजला जास्त चढलेला कुरिअरवाला, सगळ्यांना हे प्रात्यक्षिक बघावं लागे. साक्षीदार जितके जास्त तितके बरे, असं त्यांचं म्हणणं असावं. कुरिअरवाल्याने एकदा "मस्त आहे काका" असंही सांगून टाकलं होतं बिचाऱ्याने.

वरचे म्हणजे माझे भाडेकरू. सदाशिव पेठेत माझ्या आजोबांनी बांधलेली एक लहानशी दुमजली इमारत आहे. मी राहते वारज्याला, पण रोज सकाळी स्कूटर काढून पेठेत येते, कारण तळमजल्यावर मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. वरच्या दोन खोल्या आणि गॅलरी या नवरा-बायकोकडे माझ्या जन्माच्याही आधीपासून. बाबा त्यांना कधी नावाने बोलवत नसत, "वरचे" म्हणत. मीही तेच उचललं. त्यांचं नाव घ्यायची वेळ फक्त कोर्टात यायची.

कोर्टात म्हणजे, गॅलरीवर पत्रा कुणी टाकायचा यावरून बाबांची आणि त्यांची केस चालू होती. बाबा म्हणत भाडेकरूने टाकावा, ते म्हणत मालकाने. अनेक वर्षं दोघंही पावसाळ्यात वर बघायचे आणि तारखेला जायचे. पुढे बाबा गेले आणि केसही कुणाच्या लक्षात न येता संपली. पत्रा शेवटी मीच टाकला. त्या दिवशी वरचे जिन्यात उभे राहून कामगारांकडे बघत होते. मला म्हणाले, "इतकी वर्षं नाही टाकलात. आत्ताच का?"

"आत्ताच का?" हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन गेले तरी तोच.

"दिवाळी आहे म्हणून, काका."

"दिवाळी दरवर्षी असते."

ताट मात्र घेतलं. दुसऱ्या दिवशी ते धुऊन, पुसून, त्यात काकूंनी केलेले अनारसे घालून खाली आलं. उपकार अंगावर ठेवायचे नाहीत.

त्यांची सगळी नोकरी कोर्टाच्या दफ्तरखान्यात गेली होती. मालक आणि भाडेकरू यांनी एकमेकांना काय काय केलं याची कागदपत्रं त्यांनी उभ्या आयुष्यात जेवढी हाताळली तेवढी वकिलांनीही हाताळली नसतील. एवढी भांडणं वाचल्यावर माणूस एकतर साधू होतो, नाहीतर आमचे वरचे होतो. भाडं त्यांनी कधी माझ्या हातात दिलं नाही. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर ते पोस्टाने यायचं, पुरावा राहावा म्हणून. जिन्यात मी नवा दिवा लावला तर त्यांनी शेजारी आपला स्वतःचा दिवा लावला, स्वतःच्या मीटरवरून. उद्या मालक म्हणायला नको की जिन्यात उजेड माझा आहे. आमचा जिना पेठेतला सगळ्यात लखलखीत जिना असेल.

आता तुम्ही हसाल आणि म्हणाल, काय हा विक्षिप्त म्हातारा. पण मीही काही कमी नव्हते. मी बाबांची मुलगी. वर पाणी जास्त वेळ वाहिलं की मला वाटे, पोटभाडेकरू ठेवलेला दिसतोय. त्यांच्याकडे कुणी चष्मेवाला माणूस आला की तो मला वकील वाटे. एका बिल्डरचा माणूस एकदा फीत घेऊन इमारतीची लांबी-रुंदी मोजून गेला होता, मीच बोलावलं होतं. वरच्यांनी ते गॅलरीतून बघितलं होतं, आणि त्यांनी बघितलं हे मी बघितलं होतं. त्यामुळे त्यांचा संशय अगदीच हवेतला होता असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

अशा रीतीने आम्ही दोन मजल्यांवर एकमेकांवर डोळा ठेवून सुखाने राहत होतो. मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला.

काकू म्हणजे त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं, दोघंच एकमेकांना. झटक्यातून काकू वाचल्या, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावी बाजू गेली. हळूहळू वॉकर धरून उभ्या राहायला लागल्या. आणि इथे जमीन आडवी आली.

आमच्या वरच्या मजल्याची जमीन लाकडी आहे. खालून बघितलं तर माझ्या अभ्यासिकेची तक्तपोशी, वरून बघितलं तर त्यांची जमीन. तुळयांवर सागवानी फळ्या, आणि इतक्या वर्षांत फळ्याफळ्यांमध्ये बोटभर फटी पडलेल्या. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण काकूंच्या वॉकरचा पाय नेमका फटीत जायचा. फळीवर भार पडला की ती खाली दबायची, शेजारची वर राहायची. शिवाय पाण्याने धुता येत नाही. वर एक तांब्या सांडला तर खाली राज्यघटनेच्या पुस्तकावर. आजारी माणसाची खोली धुवावी तर लागते. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी वरच्यांना म्हणाली, "आजोबा, फ्लोअर लेव्हल करा, नाहीतर आजी कायमच्या बेडवर."

पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत काकूंना आपलं आपण जाता यावं, एवढीच काय ती मागणी होती.

वरच्यांनी आधी मेणकापड अंथरून बघितलं. त्याला सुरकुत्या पडायच्या आणि वॉकर त्यात गुंतायचा. मग एका सकाळी मी आले तर दारात टेम्पो उभा, आणि दोन हमाल डोक्यावर फरशीची खोकी घेऊन जिना चढतायत. खोक्यांवरचं चित्र बघून मला घाम फुटला. त्या पार्किंगच्या फरश्या होत्या. सोसायटीच्या आवारात गाड्यांखाली घालतात त्या, खरबरीत, जाडजूड.

"काका, वर गाडी चढवणार आहात का?" मी विचारलं.

"तुम्हाला काय अडचण?"

"तुळया जुन्या आहेत. खाली मुलं बसतात. एवढं वजन..."

"वजनाची काळजी," वरचे म्हणाले. "आत्ताच का?"

खरं सांगायचं तर मला वजनाची काळजी होतीच, पण तेवढीच नव्हती. मला वाटलं, फरशी बसवून हा माणूस खोल्यांवर कायमचा हक्क सांगणार. माझा मावसभाऊ वकील आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, तुझ्या लेखी परवानगीशिवाय त्याने पक्कं काम केलं तर जागा खाली करून मागायला ते एक कारण होऊ शकतं, करू दे त्याला. मला ते काही बरं वाटलं नाही. शेवटी एक बाई आजारी होती. मी वर जाऊन सांगितलं, "काका, मी लेखी परवानगी देते, तुम्ही नीट करून घ्या."

ही माझी मोठीच चूक झाली. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी भांडून फरशी बसवली असती. मी हो म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली की यात काहीतरी काळंबेरं आहे.

"आपण होऊन लेखी देताय?" दाराच्या फटीतून त्यांचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. "कोणत्या वकिलाने सांगितलं?"

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त उभी नोकरी कोर्टात काढलेला माणूसच करू जाणे. कायद्यात अडचण आहे ती पक्क्या बांधकामाची ना? मग आपण पक्कं करायचंच नाही. त्यांनी सगळी फरशी सुट्टी मांडून घेतली. फळ्यांवर प्लायवूड, तेही नुसतं ठेवलेलं. प्लायवर रबरी चटई. चटईवर फरश्या, एकीला एक लावून, ना सिमेंट, ना काही. जाड फरशी त्यासाठीच घेतलेली, की आपल्या वजनाने जागेवर राहील.

फरशी बसवायला आलेला मिस्त्री नांदेडकडचा होता. वारज्यातच आमच्या मागच्या वस्तीत राहायचा, त्यामुळे येता-जाता मला सांगायचा. "ताई, म्या लई घरं केली, पर असलं काम नाही केलं. खिळा मारू देईनात. लाकूड हालतंय, त्याच्यावर सुट्टी फरशी. म्या म्हणलं काका, हे राहत नसतंय. तर म्हणले, तुला मालकीणबाईंनी पाठवलं का?"

झालं. त्या दिवसापासून आमच्या डोक्यावर खडखडाट सुरू झाला.

वरचे स्वयंपाकघरात गेले की खड, खड, खड. परत आले की खड, खड, खड. मुलांना तो इतका पाठ झाला की "काका दूध तापवायला गेले" हे ती पुस्तकातून डोकं वर न काढता सांगायची. एक मुलगी मात्र रडकुंडीला आली. "मॅडम, सीरियसली, फोकसच होत नाहीये. वर कायम कोणीतरी प्लेट्स सरकवतंय असं वाटतं." मी वर तक्रार घेऊन गेले. वरच्यांनी दार उघडलं, वाकले, फरशी उचलली.

"निघते," म्हणाले.

"ते दिसतंय, काका. आवाज..."

"आवाजाचा आणि कायद्याचा संबंध नाही."

आत काकू पलंगावर बसलेल्या दिसल्या. त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. मला हसू आवरेना, म्हणून मी भांडण अर्धवट टाकून खाली आले.

काकू त्या फरशीवर चालायला लागल्या, हेही सांगायला हवं. फटी तर बुजल्या होत्या. वॉकरचा आवाज वेगळा यायचा, आधी ठक्, मग पाय ओढत आणल्याची खर्र. पलंगापासून मोरीपर्यंत. तो आवाज आला की अभ्यासिकेतली मुलं लिहायची थांबायची आणि पोचल्याचा आवाज आला की परत लिहायला लागायची.

एका दुपारी ठक् आला, खर्र आली नाही. त्याऐवजी काहीतरी मोठं पडल्याचा आवाज आला.

मी धावत वर गेले. साखळी लावलेलीच होती. वरच्यांनी फटीतून मला बघितलं, आणि पहिल्यांदाच काही न विचारता साखळी काढली. काकू मोरीच्या अलीकडे आडव्या पडल्या होत्या, कपाळातून रक्त येत होतं. त्यांना एकट्याने उचलणं वरच्यांच्या ताकदीबाहेरचं होतं. आम्ही दोघांनी मिळून काकूंना उठवून भिंतीशी बसवलं. मी त्यांच्या कपाळावर ओला रुमाल दाबून धरला.

एका फरशीचा कोपरा वर आला होता. खालची फळी दबलेली, त्यामुळे फरशी तिरकी झालेली, आणि वॉकरचा पाय त्या कोपऱ्याला अडकलेला. वरचे त्या कोपऱ्याकडे बघत उभे होते.

"अहो, असे उभे काय राहिलात," काकू म्हणाल्या. "एवढं काही झालेलं नाही. निघते म्हणून तुम्हीच सांगत होता ना सगळ्यांना."

चिडून नाही म्हणाल्या. नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाल्या. पण वरच्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. ते खाली बसले, फरशीचा कोपरा हाताने दाबायला लागले. दाबला की बसायचा, हात काढला की वर यायचा.

काकूंच्या कपाळाला टाके पडले. नंतरचे काही दिवस वर खडखडाट फक्त एकाच माणसाचा यायचा. ठक् यायचाच नाही. काकू पलंगावरून उठायला तयार नव्हत्या. भीती बसली होती, आणि आमच्यासमोर थट्टा केली तरी ती खरी होती.

मग एकदा मुलं जेवायला गेली असताना वरचे खाली आले. अभ्यासिका सुरू झाल्यापासून त्यांनी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. दारात उभे राहून त्यांनी आधी छत बघितलं, भिंती बघितल्या, पंखे बघितले, आणि मग मला बघितलं.

"तो मिस्त्री म्हणतो, पक्की बसवायची तर फळ्या हलून चालणार नाही. खालून, म्हणजे तुमच्या इथून, तुळयांना लोखंडी गर्डर द्यावा लागेल."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच का?"

मग वरच्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, म्हणून ते हसू होतं हे कळायला मला जरा वेळ लागला.

"शिकलात," ते म्हणाले.

मी त्यांना खुर्ची दिली आणि आम्ही आपापले संशय टेबलावर काढून ठेवले. माझा संशय असा, की गर्डर टाकू दिला तर उद्या हे म्हणतील, पडणारी इमारत मीच सावरली. त्यांचा असा, की गर्डर लागला म्हणजे इमारत धोकादायक आहे असं मीच पालिकेला कळवणार आणि त्यांना बाहेर काढणार. मी म्हटलं, "बाई गं, हे मला सुचलंच नव्हतं." ते म्हणाले, "आता सुचलं ना."

"काका," मी म्हटलं, "काकूंना चालायचंय की नाही?"

त्यांनी समोरची, कुणा मुलाची उघडी राहिलेली वही मिटून ठेवली. मग उठले. "गर्डर तुमचा, फरशी माझी," म्हणाले. "कुणी कुणाचं काही लागत नाही."

काम सुरू झालं तेव्हा आम्ही दोघांनी पहारे वाटून घेतले. मिस्त्री खाली माझ्या इथे गर्डर चढवत होता तोवर वरचे अभ्यासिकेतल्या एका खुर्चीत बसून तुळयांकडे बघत राहिले, माझ्या सांगण्यावरून एखादी कापली तर जात नाही ना, हे बघायला. मिस्त्री वर गेला की मी वर जाऊन बसायचे, भिंत फोडून खोली तर वाढवत नाहीत ना, हे बघायला. मिस्त्री बिचारा दोघांच्या मधे चहा पीत म्हणायचा, "तुमी दोघं लई ध्यान देता कामाकडं."

मी वर बसायचे म्हणजे काकूंच्या पलंगाशी. लहानपणी बाबांबरोबर येऊन त्यांच्या हातचा लाडू खाल्ला, त्यानंतर एवढा वेळ मी त्या खोलीत कधी बसले नव्हते. काकू वरच्यांबद्दल सांगायच्या आणि मी हसायचे.

"यांचा माझ्यावर तरी कुठे विश्वास आहे?" त्या म्हणाल्या. "मी डोळे मिटून पडले की नाकापाशी बोट धरून बघतात. मी म्हणते, अहो, आहे मी. तर म्हणतात, तू म्हणशील गं."

हे त्या हसत सांगत होत्या. मी मात्र हसू शकले नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस जागा जाईल म्हणून घाबरतो.

गर्डर बसला, फळ्या हलायच्या थांबल्या. प्लाय स्क्रूने घट्ट झाला, त्यावर सिमेंटची शीट, आणि त्यावर मिस्त्री ज्याला नुसतंच केमिकल म्हणायचा त्या लगद्यात फरशी. पार्किंगच्या फरश्या परत गेल्या, पातळ आणि न घसरणाऱ्या आल्या. सगळं सुकल्यावर वरच्यांनी मला वर बोलावलं. गुडघ्यावर हात टेकून वाकले, दाराजवळच्या फरशीच्या कडेला नखं लावली, जोर केला. जागची हलली नाही. सरळ उभे राहिले आणि छाती पुढे काढून म्हणाले,

"निघत नाही. आता करा केस."

पेठेतल्या माणसाने आभार मानले तर ते याहून वेगळे कसे असणार? मीही म्हटलं, "करते. तारीख कळवीन." काकू पलंगावरून म्हणाल्या, "तुमचं भांडण झालं असेल तर मला कुणी हात देता का?"

त्या उठल्या. वॉकर घेतला. वरचे त्यांच्या मागे एक हात पुढे धरून, न लावता, चालत होते. पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून गॅलरीपर्यंत. गॅलरीत पोचल्यावर काकूंनी खाली रस्ता बघितला आणि म्हणाल्या, "कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं? मला कुणी सांगितलं नाही."

पुढचे काही महिने बरे गेले. पूर्वी वरचे औषधं आणायला जाताना दाराला बाहेरून कुलूप घालायचे, कारण काकू दारापर्यंत येऊ शकत नव्हत्या. आता काकू आतून कडी लावायच्या आणि ते परतले की येऊन उघडायच्या. कुणालाही उघडायचं नाही, अगदी खालच्यांनाही नाही, अशी सक्त ताकीद होती. ती ते मला ऐकू जाईल अशा आवाजात जिन्यातून द्यायचे. फरशी पक्की झाली म्हणून माणूस बदलत नाही. भाडं पोस्टानेच येत होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मला अनोळखी नंबरवरून फोन आला. हॉस्पिटलमधली नर्स होती. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ कोसळले, लोकांनी रिक्षात घालून आणलंय, तुमचा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला, म्हणाली. मग फोनवर वरचे आले. आवाज अगदी खोल गेला होता.

"अगं, मी बोलतोय. वरचा."

बाबा गेल्यापासून ते मला "अहो मालकीणबाई" म्हणत आले होते. आणि आम्ही त्यांना काय म्हणतो हे त्यांना माहीत होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

"काका, मी येते तिकडे. लगेच निघते."

"इकडे डॉक्टर आहेत. तू वर जा. ती एकटी आहे." मधे दम घेतला. "काही सांगू नकोस तिला. नुसती जाऊन बस."

मी जिना चढले. आत काय सांगायचं ते पायरीपायरीवर ठरवत होते. बँकेत रांग आहे, जुने मित्र भेटले, काहीतरी. दार वाजवलं.

"कोण?" आतून काकूंचा आवाज.

"मी, काकू. खालची."

"ह्यांनी कुणाला उघडायला सांगितलं नाहीये गं. ते आले की ये."

"त्यांनीच पाठवलंय मला, काकू. तुमच्यापाशी बसायला."

आत काहीच आवाज झाला नाही. इतका वेळ काहीच नाही, की मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल, आणि मी परत दारावर हात उचलला. तेवढ्यात वॉकर टेकल्याचा आवाज आला. मग पाय ओढल्याचा. परत वॉकर. कुठे अडखळल्या नाहीत, कुठे थांबल्या नाहीत. सरळ दारापर्यंत आल्या आणि उजव्या हाताने कडी काढली.

त्या क्षणी ते जिवंत होते. संध्याकाळपर्यंत होते. मी ठरवलेलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

काकूंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. चेहरा शांत होता.

"ह्यांनी तुला पाठवलं?" त्या म्हणाल्या. "तुला? मग आता हे यायचे नाहीत."

आणि वॉकर बाजूला घेऊन त्यांनी मला आत यायला वाट करून दिली.